मागच्या खोलीचं रीडिंग

आमच्या घरात कुणाला ताप आला तरी त्याची नोंद व्हायची. बाबा स्टील प्लांटमध्ये, ब्लास्ट फर्नेसच्या कंट्रोल रूममध्ये होते, आणि तिथली सवय जेवणाच्या डब्याबरोबर रोज घरी परत यायची. थर्मामीटर लावला की वहीत वेळ लिहायची, रीडिंग लिहायचं आणि शेजारी रिमार्क: गोळी दिली, पाणी पाजलं, रडते आहे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा पहाटे मला सणसणून ताप भरला. बाबांची फर्स्ट शिफ्ट होती. आईनं थर्मामीटर उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "नव्व्याण्णव आहे, तुम्ही जा." होता एकशेतीन. त्यांची ड्यूटी बुडू नये म्हणून ती खोटं बोलली. दुपारी बाबा आले तेव्हा मी तापात बडबडत होते. दवाखान्यातून मला परत आणल्यावर त्यांनी आईशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "कडू असो का गोड, रीडिंग खरं सांगाचं. खोट्या रीडिंगवर मानूस मरते."

त्यानंतर आमच्या घरात कुणी खोटं रीडिंग सांगितलं नाही. निदान गेल्या वर्षापर्यंत मी तसंच समजत होते.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि भिलाईतच रुआबांध्याला आम्ही स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर आणि मागे व्हरांडा. पुढे तो व्हरांडाही भिंत घालून बंद केला, त्याला एक खिडकी ठेवली आणि ती झाली मागची खोली. तिथं गव्हाची कोठी, हिवाळ्यात कूलर, जुनी पाटा-वरवंट्याची जोडी. फरशी घाईत घातलेली, पहिल्याच उन्हाळ्यात तिला दोन भेगा गेल्या. ती कुणाच्या राहण्याची खोली नव्हतीच.

मग मी परत आले. लग्न मोडून, दोन सुटकेस घेऊन, छत्तीस वर्षांची. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते, त्यातले बरेचसे फोनवर समोर असतात, त्यामुळे मला दार लावून बसायला खोली हवी होती. हे मी सांगायच्या आधीच आईनं स्वतःची गादी गुंडाळली होती. मी म्हटलं, "अगं, तू कावून उठून राहिली?" तर म्हणे, "तुले काम असते. मले काय, मले कुठीबी झोप लागते." मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. माणसानं तिसऱ्यांदा नको म्हणावं, एवढं मला आता कळतं.

मागच्या खोलीत तिला एकच त्रास होता, धुळीचा. भिलाईत धूळ ही पाहुणी नसते, घरचीच असते. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट दुपारी बोट फिरवलं तर लालसर काळी. त्या खोलीची खिडकी नेमकी प्लांटच्या बाजूला. आई उठली की वीस-पंचवीस शिंका देऊनच स्वयंपाकघरात यायची, बाबा हॉलमधून मोजायचे आणि तिला चिडवायचे, "आज प्रोडक्शन कमी आहे." मला त्या शिंका ऐकवायच्या नाहीत. कारण ती त्या खोलीत माझ्यामुळे होती.

म्हणून मी खिडकी बंद केली. ट्यूशनच्या पहिल्या पैशांतून फोमची पट्टी आणली, फटी भरल्या, वरून जाड प्लास्टिक ताणून बसवलं आणि कडेनं टेप मारली. एका रविवारचं काम. मी हातानं कधी खिळा ठोकला नव्हता, म्हणून मला त्याचा फार अभिमान. आईला तर माझ्याहून जास्त. भजनाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती मागे नेऊन दाखवायची, "माह्या पोरीनं करून देल्लं. आता धुळीचा कण येत नाही." शिंका खरंच थांबल्या. आठ वर्षं ती त्या बंद खोलीत शांत झोपली.

मग खोकला आला. आधी आम्ही तुळशीचा काढा दिला, मग सिरप, मग छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला आणि विचारलं, "घर में कोई बीड़ी-सिगरेट पीता है?" कुणी पीत नव्हतं. "चूल्हे पर खाना?" नाही, गॅस. डॉक्टरांनी मग बाबांकडे पाहिलं, त्यांच्या प्लांटच्या नोकरीचं विचारलं, आणि बाबांनी आपली छाती स्वतःहून पुढे केली, जणू चूक दुरुस्त करता येईल. त्यांची छाती ठणठणीत होती. चौतीस वर्षं फर्नेसजवळ काढलेल्या माणसाला काही नाही, आणि ज्या बाईनं प्लांटचं गेट आतून कधी पाहिलं नाही तिच्या फुप्फुसात गाठ. सात महिन्यांत आई गेली.

वर्षश्राद्धाला माझा धाकटा भाऊ कॅनडाहून आला. येताना त्यानं एक पांढरी डबी आणली, साबणाच्या वडीएवढी, समोर छोटा पडदा. रेडॉन मोजायचं यंत्र. तिकडे घर घेताना हे बघतात म्हणे. जेवणं उरकल्यावर त्यानं आम्हा दोघांना समजावून सांगितलं. रेडॉन हा जमिनीतून निघणारा वायू. त्याला वास नाही, रंग नाही. फरशीच्या भेगांतून घरात येतो, वारा असला की निघून जातो, बंद खोलीत साठतो. वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो, बिडी न ओढणाऱ्यालाही. आकडा शंभरच्या आत असला की बरं, तीनशेच्या वर गेला की वाईट.

बाबांना हे एका वाक्यात कळलं. "सीओसारखंच," ते म्हणाले. फर्नेसवर कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यालाही वास नाही. ते चौतीस वर्षं खिशाला गॅसचं मीटर अडकवून फिरले होते. मला मात्र त्या सगळ्यातले दोनच शब्द ऐकू आले: बंद खोलीत. माझ्या हातात श्राद्धाच्या खिरीची वाटी होती. ती मी तशीच मोरीत ओतली. भाऊ पाठीमागून म्हणत होता, "एका माणसाला कशामुळे झालं, हे कोनीच सांगू शकत नाही, ताई." तो शहाणा आहे. पण त्यानं खिडकीला फोम लावला नव्हता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातली रिकामी वाटी काढून घेतली.

भाऊ कॅनडाला परत गेला आणि बाबांनी चार्ज घेतला. बाजारातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आलं. पट्टीनं रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, रीडिंग, रिमार्क. शेवटी दोन सह्या, देणारा आणि घेणारा. प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना जाणारा लिहून देतो, येणारा वाचतो आणि खाली सही करतो, की जे आहे ते मला कळलं, आता जबाबदारी माझी. घरात आम्ही दोनच माणसं, पण सही पाहिजेच. मी म्हटलं, "बाबा, पोलाद नाही काढून राहिलो आपण." तर म्हणाले, "तू सही कर. वाचून कर."

आधी हॉल, एक महिना. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा, शिफ्टच्या वेळा. अडतीस, एकेचाळीस, चाळीस. प्रत्येक ओळीला रिमार्क: खिडकी बंद, पंखा चालू. खिडकी बंद, पंखा बंद. दिवाळीच्या दिवशी: दार उघडं, पाहुणे. महिना संपला, मी सही केली. मग माझी खोली, सेहेचाळीसच्या आसपास. पुन्हा सही. बाबा जरा खुलले होते. वर्षभरानंतर त्यांना कुठंतरी वेळेवर पोचायचं होतं.

माझं उलटं. माझ्या खोलीचा महिना संपत आला तसं माझं जेवण सुटलं. भावानं मला सांगितलं होतं की फोनमध्ये ॲप टाक, सगळे आकडे तारखेनिशी दिसतात. टाकते म्हणाले आणि टाकलं नाही. चोराच्या मनात चांदणं. मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, माझ्या खिडकीनं माझी आई मारली का, आणि तीच मला जाणून घ्यायची नव्हती.

डिसेंबरात बाबांनी मीटर मागच्या खोलीत नेऊन ठेवलं, आईच्या पलंगाच्या उशाशी. मी दारातच उभी राहिले. आई गेल्यापासून मी त्या खोलीच्या आत पाय ठेवला नव्हता. ते म्हणाले, "तू येऊ नको इकडे. दार बंद राहू दे. एकच मानूस रीडिंग घेईन." मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, यंत्राचा काही नियम असेल.

आठवड्यानं विचारलं, तर म्हणाले, "मीटर स्थिर व्हाले वेळ लागते." हॉलमध्ये लागला नव्हता, पण मी वाद घातला नाही. मग एका सकाळी ट्यूशन चालू असताना मागून टर्रर्र आवाज आला, टेप ओढल्यासारखा. जाऊन पाहते तर बाबा स्टुलावर उभे, माझं प्लास्टिक त्यांच्या हातात, फोमच्या पट्ट्या खाली, आणि खिडकी सताड उघडी. थंडी अशी की त्यांनी मफलर गुंडाळला होता. मला राग आला. खरं सांगते, राग आला. आईनं माझं केलेलं शेवटचं कौतुक होतं ते.

"कावून काढलं?"

"कोंदट वास येऊन राहिला होता."

"पण धूळ येईल ना."

"येऊ दे. धूळ दिसते तरी."

ते शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकलं, आणि माझ्या डोक्यात ते शिरलं नाही. मी गणित शिकवते. दोन ओळींवरून तिसरी काढायला मुलांना शिकवते.

संक्रांत झाल्यावर बाबा हॉलमध्ये आले, मीटर हातावर ठेवून, प्रसाद आणावा तसे. "पाह्य. बावन्न." मी पाहिलं. खरंच बावन्न होतं, हिरवा ठिपकाही होता. "मागच्या खोलीचं?" "मागच्या खोलीचंच. महिनाभर हेच आहे, पन्नास, बावन्न, पंचावन्न." मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. चाळिशी ओलांडलेली बाई, अशी रडले की शेजारची बाई कुंपणापर्यंत आली. बाबा माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि तेवढंच म्हणत राहिले, "झालं, झालं." त्या दिवशी मी वरण-भात दोनदा वाढून घेतला. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, आणि तिच्यासाठी, नुसतं तिच्यासाठी म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले. तोवर सगळं रडणं माझ्यासाठीच होतं.

मीटर कपाटात गेलं, रजिस्टर त्यावर. बाबांनी मात्र आपली गादी मागच्या खोलीत नेली. म्हणाले, तिथं बरं वाटते. खिडकी रात्रंदिवस उघडी. उन्हाळा लागला तशी चादरीवर धूळ बसायला लागली, आणि मी रोज चादर झटकताना बडबडायची. दोनदा मी खिडकी लावून घेतली. दोन्ही वेळा ते झोपेतून उठले आणि त्यांनी ती पुन्हा उघडली. म्हाताऱ्याला हट्टच लागलाय, असं मी भावाला फोनवर सांगितलं.

वैशाखात मरोद्याच्या काकू आल्या, आईच्या भजनातल्या. त्यांच्या घरी काका खोकत होते, आणि त्यांनाही ते मीटर हवं होतं. मी म्हटलं, न्या की. काकूंच्या सुनेला आकडे फोनवर दाखवता यावेत म्हणून मी शेवटी ते ॲप टाकलं. माझ्या मनात काहीच नव्हतं. बाबा मागे दुपारची झोप घेत होते, काकू हॉलमध्ये सरबत पीत होत्या. मी कपाटाशी उभी राहून फोन मीटरजवळ धरला आणि रेघ उमटायला लागली.

हॉलचा महिना, खाली, सपाट. माझ्या खोलीचा महिना, खाली, सपाट. मग डिसेंबर, आणि रेघ उभी चढली. तीनशे दहा. तीनशे चाळीस. तीनशे पंचवीस. बारा दिवस ती तिथंच वर, लाल. तेराव्या दिवशी एकदम खाली आली, आणि तिथून पुढे पन्नास, बावन्न, पंचावन्न.

तेरावा दिवस म्हणजे स्टुलाचा दिवस.

मी काकूंना सांगितलं की सेल संपलेत, उद्या पोचवते. त्या गेल्यावर रजिस्टर काढलं. मागच्या खोलीचं पान तेराव्या दिवसापासून सुरू होत होतं. एकही आकडा खोटा नव्हता. सहा, दोन, दहा, सगळं जागच्या जागी, अक्षर तेच, टाकानं काढल्यासारखं. फक्त रिमार्कचा रकाना कोरा. हॉलच्या पानावर पंखा चालू की बंद हेदेखील लिहिणाऱ्या माणसानं महिनाभर एकदाही लिहिलं नव्हतं: खिडकी उघडी. आणि खाली घेणाऱ्याची सही नव्हती. तीही त्यांनी मागितली नव्हती. मला गुडघ्यावर डोकं ठेवू दिलं, रडू दिलं, पण हे पान पुढे सरकवून "वाचून सही कर" म्हणाले नाहीत.

आईसारखं नव्व्याण्णव सांगणं त्यांच्या हातून होणार नव्हतं. म्हणून त्यांनी आधी खोली बदलली, मग खरा आकडा लिहिला. आणि मी पुन्हा बंद करीन म्हणून त्या खिडकीखाली स्वतः झोपायला गेले.

मी कपाटाच्या दाराला धरून उभी होते. एक खिडकी. औषध नाही, ऑपरेशन नाही, नागपूरच्या फेऱ्या नाहीत. एक खिडकी उघडी असती तर तीनशेचे पन्नास झाले असते, आणि आई सकाळी पंचवीस शिंका देत कदाचित आजही स्वयंपाकघरात आली असती. कदाचित. भाऊ म्हणतो तसं, कुणी सांगू शकत नाही. हा "कदाचित" मला आता जन्मभर पुरणार आहे. पण बारा दिवस बाबांनी तो एकट्यानं, दिवसातून तीनदा, चष्मा लावून वाचला होता, आणि बाहेर येऊन मला विचारलं होतं की आज भाजी काय करून राहिली.

पेन रजिस्टरच्या दोरीलाच बांधलेलं होतं. रिमार्कच्या रकान्यावर मी ते ठेवलं. दोन शब्दांचं काम होतं. मग पेन उचललं आणि खाली, घेणाऱ्याच्या जागी, सही केली. रजिस्टर कपाटात न ठेवता हॉलच्या टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तेव्हा बाबा उठून आले होते. पान उघडं होतं आणि त्यांचं बोट माझ्या सहीवर होतं.

"वाचून केली ना?"

"वाचूनच केली."

बोट हळूहळू वर सरकलं, कोऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.

"रिमार्क लिवाचा राहिला, बाई."

"राहू द्या, बाबा," मी म्हटलं. "राहू द्या."